पायातील रक्ताची गुठळी: धोक्याच्या खुणा कशा ओळखाव्यात आणि पुढे काय करावे

पोटरी दुखू लागली की आपण मनात एखादे साधे कारण शोधतो आणि ते बहुधा लगेच सापडतेही: काल चालणे जास्त झाले, रात्री पाय अवघडला, नवे बूट चावले. पुष्कळदा ते कारण खरेच असते. परंतु याच दुखण्याच्या आड कधी कधी पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरलेली असते, आणि ती ओळखायला उशीर झाला तर तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतो. या आजाराचे वैद्यकीय नाव डीप व्हेन थ्रॉम्बोसिस. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही त्याला सहसा डीव्हीटी म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे.

येथे सांगितलेली पाहणी घरी दहा मिनिटांत करता येते. तिचा उपयोग मात्र एकाच दिशेने करायचा आहे, हे सुरुवातीलाच सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते. पाहणीत काही खटकले तर डॉक्टरांकडे जायचे. पण काही खटकले नाही म्हणून गुठळी नाहीच, असा निष्कर्ष काढायचा नाही. डीव्हीटी झालेल्या साधारण निम्म्या लोकांत ठळक लक्षणे दिसतच नाहीत, आणि ज्यांच्यात दिसतात त्यांच्यातही ती एखाद्या किरकोळ दुखापतीसारखी भासतात. अनुभवी डॉक्टरसुद्धा नुसता पाय पाहून खात्रीने हो किंवा नाही म्हणत नाहीत. घरच्या पाहणीचे काम संशय वेळेवर घेणे एवढेच आहे. संशय फेडण्याचे काम तपासणीचे.

गुठळी पायातच का धरते

हृदयातून निघालेले रक्त धमन्यांमधून जोराने पायापर्यंत पोचते. परतीची वाट मात्र चढणीची असते आणि ती शिरांमधून जाते. या चढणीवर रक्ताला दोन गोष्टींची मदत होते. शिरांच्या आत ठरावीक अंतरावर झडपा असतात, ज्या रक्ताला वर जाऊ देतात पण खाली घसरू देत नाहीत. आणि पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलागणिक आवळले जाऊन खोल शिरांना पिळतात व रक्त वर ढकलतात. पाय तासन्‌तास हललाच नाही की हा पंप थांबतो, झडपांच्या मागच्या कोपऱ्यांत रक्त साचते आणि तेथे गुठळीची सुरुवात होते.

रक्त साचणे हे एक कारण झाले. शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे हे दुसरे, आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीच वाढलेली असणे हे तिसरे. हे त्रिकूट एकोणिसाव्या शतकातील जर्मन रोगविज्ञानी रुडॉल्फ व्हिर्चो यांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यांचा जन्मदिवस, म्हणजे १३ ऑक्टोबर, जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. हे त्रिकूट लक्षात ठेवले की पुढे येणारी धोक्याची कारणे वेगळी पाठ करावी लागत नाहीत: शस्त्रक्रियेनंतर ही तिन्ही कारणे एकत्र येतात, लांबच्या प्रवासात मुख्यतः पहिले असते, गरोदरपणात पहिले आणि तिसरे.

गुठळी बहुधा पोटरीच्या शिरांत सुरू होते. ती तेवढ्यावरच थांबली तर अनेकदा शरीर तिला स्वतःच विरघळवते; परंतु ती वाढत गुडघ्याच्या मागच्या शिरेत, तेथून मांडीत आणि जांघेपर्यंत गेली, तर फुफ्फुसापर्यंत तुकडा जाण्याचा धोका पुष्कळ वाढतो. म्हणूनच सूज पोटरीतून मांडीकडे चढताना दिसली तर ते अधिक गंभीर मानावे.

पायरी पहिली: दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहा

दुखणारा पाय एकटाच पाहण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. सूज हळूहळू आलेली असली तर एकटा पाय नेहमीसारखाच वाटतो; फरक कळतो तो दुसऱ्या पायाशी ताडून पाहिल्यावर. डीव्हीटी बहुतेक वेळा एकाच पायात होते, आणि निरोगी पाय हाच तुमच्याजवळचा सर्वांत चांगला मापदंड असतो.

चांगल्या उजेडात, जांघेपर्यंत कपडा वर घेऊन, पाठीवर झोपा आणि दोन्ही पाय सरळ ठेवा. शक्य असेल तर घरातील दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगा, कारण पोटरीची मागची बाजू स्वतःला नीट दिसत नाही. घोट्याची हाडे दोन्ही बाजूंना सारखीच उठून दिसतात का, टाचेच्या वरच्या जाड, दोरीसारख्या स्नायुबंधाच्या दोन्ही बाजूंचे खोलगट भाग एका पायात भरून आले आहेत का, मोज्याचा वळ एकाच पायावर खोल उमटला आहे का, एका पायाची कातडी ताणल्यासारखी तुकतुकीत दिसते का, हे बारकाईने पाहा. एका पायावर कातडीखालच्या शिरा नव्यानेच फुगून दिसू लागल्या असतील तर त्याकडे विशेष लक्ष द्या. खोल शीर अडल्यावर रक्त वरवरच्या शिरांतून वाट काढते, त्यामुळे असे होते. जुन्या व्हेरिकोज व्हेन्सची, म्हणजे पूर्वीपासून फुगलेल्या वेड्यावाकड्या शिरांची, गोष्ट वेगळी. येथे प्रश्न गेल्या काही दिवसांत झालेल्या बदलाचा आहे.

आता मोजपट्टी घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगी जेथे सुरू होते तेथे, हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. त्या उंचवट्यापासून खाली १० सेंटिमीटर मोजून दोन्ही पायांवर पेनाने खूण करा आणि त्या खुणेवर पोटरीचा घेर मोजा. पट्टी कातडीला टेकलेली असावी, कातडीत रुतलेली नसावी. दोन पायांच्या घेरांत थोडासा फरक अनेकांत मुळातच असतो. परंतु सुजलेल्या पायाचा घेर ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला तर तो डीव्हीटीच्या बाजूने जाणारा ठळक पुरावा समजला जातो. कॅनडातील डॉक्टर फिलिप वेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या गुणपद्धतीत हे मोजमाप याच जागी आणि याच आकड्याने घेतले जाते. आकडा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना तो उपयोगी पडेल. मात्र फरक दोनच सेंटिमीटर आला म्हणून घरी थांबू नका.

शेवटी अंगठ्याने नडगीच्या खालच्या भागावर, घोट्याच्या जरा वर, दहा सेकंद हलकेच दाबून धरा आणि अंगठा उचला. खळगा पडून तो काही क्षण तसाच राहिला तर तेथे पाणी साचले आहे असे समजावे. दोन्ही पायांवर सारखाच खळगा पडत असेल तर कारण बहुधा हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा एखादे औषध असते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनने अशी सूज अनेकांना येते. केवळ एकाच पायावर खळगा पडणे मात्र शिरेच्या अडथळ्याकडे बोट दाखवते.

पायरी दुसरी: दुखण्याचा स्वभाव ओळखा

रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा कळ एकदम उठते, स्नायू दगडासारखा घट्ट होतो, आणि पाय ताणला किंवा चार पावले चालले की काही मिनिटांत सुटतो. गुठळीचे दुखणे असे येऊन जात नाही. ते मागे लागून राहते: पोटरी जड वाटते, आतून ठणकते, ओढल्यासारखी किंवा अवघडल्यासारखी राहते, उभे राहिल्यावर आणि चालताना वाढते, पाय उंच ठेवून पडल्यावर थोडे कमी होते. गोळा आल्यानंतर पोटरी एखादा दिवस हुळहुळी राहणे समजण्यासारखे आहे. परंतु गोळा आला असे वाटून दोन दिवस झाले, दुखणे ओसरण्याऐवजी वाढत चालले आणि सोबत सूजही आली, तर त्याला गोळा म्हणणे सोडून द्यावे.

दुखण्याची जागाही सांगण्यासारखी असते. पोटरीच्या मधोमध खोलवर, गुडघ्याच्या मागच्या लवणीत, मांडीच्या आतल्या बाजूने किंवा जांघेत दुखणे, आणि त्या रेषेत बोटांनी हलकेच दाबल्यावर कळ येणे, हे खोल शिरेच्या वाटेशी जुळते. ओटीपोटातील मोठ्या शिरेत गुठळी झाली असेल तर कधी कधी पोटरी दुखतही नाही. त्याऐवजी जांघ, कुल्ला किंवा कंबरेची एक बाजू दुखते आणि पाहता पाहता सगळाच पाय भरून येतो. हा प्रकार गरोदर स्त्रियांत अधिक आढळतो, आणि तोही डाव्या पायात, कारण डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेवरून उजवी धमनी जाते आणि वाढत्या गर्भाशयामुळे त्या शिरेवरचा दाब आणखी वाढतो.

पावलाचा चवडा झटक्याने वर वाकवून पोटरीत कळ येते का ते पाहण्याची एक जुनी चाचणी प्रसिद्ध आहे. अमेरिकी शल्यविशारद जॉन होमन्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. ती घरी करून पाहू नये. गुठळी असलेल्या अनेकांना तिने कळ येत नाही आणि नुसता स्नायू दुखावलेल्यांना येते, त्यामुळे तिच्यावरून काहीच ठरत नाही.

दुखणे नाही म्हणून निश्चिंत राहू नये, हे काही जणांच्या बाबतीत विशेष जोर देऊन सांगावे लागते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले, अर्धांगवायूचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि तीव्र वेदनाशामके चालू असलेले रुग्ण यांना गुठळीचे दुखणे जाणवेलच असे नाही. त्यांच्या बाबतीत काळजी घेणाऱ्या माणसानेच रोज पांघरूण बाजूला करून दोन्ही पाय पाहिले पाहिजेत. प्लॅस्टर घातलेल्या पायाची पाहणी तर आणखी अवघड. तेथे प्लॅस्टर अचानक घट्ट वाटू लागणे, बोटे सुजणे आणि पोटरीत वाढती कळ येणे एवढ्याच खुणा हाती असतात, आणि त्या दिसल्यास प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.

पायरी तिसरी: रंग आणि उष्णता

गुठळी झालेल्या पायाची कातडी लालसर होते असे सगळीकडे लिहिलेले असते, पण हे वर्णन गोऱ्या कातडीवरून केलेले आहे. सावळ्या आणि काळ्या कातडीवर लाली सहसा दिसतच नाही. तेथे तो भाग आजूबाजूच्यापेक्षा गडद, जांभळट किंवा काळपट दिसतो, आणि पुष्कळदा काहीच वेगळे दिसत नाही. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. तळहातापेक्षा हाताच्या मागच्या बाजूला उष्णतेतील फरक चांगला कळतो. ती बाजू आधी निरोगी पोटरीवर, मग दुखऱ्या पोटरीवर, मग पुन्हा निरोगी पोटरीवर ठेवा. एक पाय स्पष्टपणे उबदार लागला तर ती नोंद घ्या.

उलट, दुखरा पाय गार, फिकट आणि बधिर लागत असेल तर प्रश्न शिरेचा नसून धमनीचा असण्याची शक्यता आहे. पायाकडे येणारे रक्तच अडले असेल तर काही तासांत पाय कायमचा गमावण्याची वेळ येते, त्यामुळे हे डीव्हीटीपेक्षाही अधिक घाईचे आहे. तसेच, सगळा पाय जांघेपर्यंत ताठ सुजून निळा-जांभळा पडला असेल आणि वेदना असह्य असतील, तर मोठ्या शिरा जवळजवळ पूर्ण अडल्या आहेत असे समजून लगेच रुग्णालय गाठावे.

पायरी चौथी: मागच्या तीन महिन्यांचा हिशोब मांडा

माझ्या मते ही पायरी पाय पाहण्याइतकीच महत्त्वाची आहे आणि हीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. तेच पोटरीचे दुखणे रोज मैदानावर धावणाऱ्या विशीतल्या तरुणात आणि तीन आठवड्यांपूर्वी खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीत सारख्या वजनाचे नसते. कागद घेऊन मागच्या तीन महिन्यांत काय काय घडले ते लिहा.

सर्वांत आधी शस्त्रक्रिया, हाडमोड आणि रुग्णालयातील मुक्काम. खुबा, गुडघा, ओटीपोट किंवा कर्करोगाची शस्त्रक्रिया, पायाला प्लॅस्टर, तीन दिवस किंवा अधिक अंथरुणात काढावे लागलेला कोणताही गंभीर आजार किंवा मोठा जंतुसंसर्ग, ही डीव्हीटीची फार मोठी कारणे आहेत. येथे एक गैरसमज नुकसान करतो: रुग्ण घरी आला म्हणजे धोका संपला असे मानले जाते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतरचा धोका बारा आठवड्यांपर्यंत वाढलेला राहू शकतो, आणि अनेकांना गुठळी घरी परतल्यावरच होते.

त्यानंतर कर्करोग आणि त्याचे उपचार. कर्करोगात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि काही औषधांनी ती आणखी वाढते. कारण सापडत नसताना झालेली डीव्हीटी हीच कधी कधी न कळलेल्या कर्करोगाची पहिली खूण ठरते, म्हणून वजन घटणे किंवा इतर नव्या तक्रारी डॉक्टरांपासून लपवू नयेत.

स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपण, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांची नोंद हवीच. बाळंतपणानंतरचे हे आठवडे गरोदरपणापेक्षाही जास्त जोखमीचे असतात. गोळ्यांचा धोका त्या सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. पाळी गेल्यानंतर घेतल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनीही धोका वाढतो. अनेक स्त्रिया डॉक्टरांनी कोणती औषधे चालू आहेत असे विचारल्यावर या गोळ्यांचा उल्लेख करत नाहीत, कारण त्यांना ते औषध वाटत नाही. कृपया तो आवर्जून करावा.

प्रवासाबद्दल बोलणे पुष्कळ होते, त्यामुळे त्याचे खरे प्रमाण सांगितलेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, चार तास किंवा अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि तो विमानाइतकाच रेल्वे, बस आणि मोटारीलाही लागू आहे. तरीही निरोगी माणसाचा मूळ धोका इतका कमी असतो की दुप्पट होऊनही तो सुमारे ६,००० प्रवाशांत एक एवढाच राहतो. प्रवास एकटा असला तर तो क्वचितच कारण ठरतो. वर सांगितलेल्या दुसऱ्या एखाद्या कारणाशी त्याची गाठ पडली की मात्र तो गंभीरपणे घ्यावा लागतो.

याखेरीज वय साठच्या पुढे असणे, लठ्ठपणा, हृदय कमकुवत असणे, पूर्वी स्वतःला गुठळी झालेली असणे, आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला तरुणपणी गुठळी झालेली असणे हेही लिहा. काही कुटुंबांत गोठण्याची प्रवृत्ती जन्मजात वाढलेली असते. फॅक्टर फाइव्ह लायडेन हा त्यांतील एक माहीत असलेला प्रकार आहे. यांपैकी एकही कारण तुमच्या कागदावर नसले, तरी कारण न सापडताही डीव्हीटी होते, त्यामुळे कोरा कागद म्हणजे सुटका नव्हे.

पायरी पाचवी: दुसरे काय असू शकते

स्नायू फाटल्यास दुखणे एका विशिष्ट क्षणी सुरू होते. उडी मारताना किंवा धावताना पोटरीवर फटका बसल्यासारखे वाटते, आणि पुढे काळेनिळे डाग उतरतात. गुडघ्याच्या मागे पाण्याची गाठ असेल आणि ती फुटली, तर पोटरी अचानक सुजते आणि कधी कधी घोट्याच्या खाली चंद्रकोरीसारखा काळानिळा डाग दिसतो. हे चित्र डीव्हीटीशी इतके मिळतेजुळते असते की सोनोग्राफीशिवाय फरक कळत नाही. कातडीचा जंतुसंसर्ग असेल तर लाली व उष्णता पसरत जाते, ताप येतो आणि बहुधा कोठेतरी जखम, भेग किंवा बोटांच्या बेचक्यात चिखल्या सापडतात. वरवरच्या शिरेत गुठळी झाली तर कातडीखाली दोरीसारखी कडक, दुखरी रेघ हाताला लागते. ही खोल गुठळीएवढी धोकादायक नसते, पण ती लांब असली किंवा जांघेच्या दिशेने असली तर खोल शिरेत शिरू शकते, म्हणून तिचीही तपासणी करून घ्यावी.

ही माहिती डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी म्हणून दिली आहे. स्वतःच निदान करून घरी थांबण्यासाठी ती वापरू नये, कारण यांपैकी एखादा आजार असतानाही सोबत गुठळी असू शकते.

पायरी सहावी: किती घाई करायची ते ठरवा

पायात काहीही वाटत असो वा नसो, अचानक दम लागणे, श्वास आत घेताना छातीत टोचल्यासारखी कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, छाती धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा चक्कर येऊन पडणे, यांपैकी एक जरी गोष्ट झाली तर तुकडा फुफ्फुसात गेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पाय गार व फिकट पडणे किंवा सगळा पाय निळा पडून ताठ सुजणे यांनाही हाच नियम लागू आहे.

छातीची कोणतीही तक्रार नाही, पण एक पाय नव्याने सुजला आहे किंवा पोटरी-मांडीत न थांबणारे दुखणे आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. संध्याकाळ झाली असेल किंवा सुट्टी असेल तर तातडीच्या विभागात जा. चौथ्या पायरीतील एखादे कारण तुमच्या कागदावर असेल तर सूज अगदी थोडी असली तरी हेच करा. उद्यापर्यंत कमी होते का पाहू, हा विचार या आजारात सर्वांत महाग पडतो, कारण गुठळीवरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ती वाढण्याची आणि सुटण्याची शक्यता कमी होते.

दोन्ही पाय सारखेच सुजले असतील आणि ही सूज आठवड्यांपासून हळूहळू येत असेल तर एवढी धावपळ नको. तरी तिचेही कारण शोधायला हवे, म्हणून एक-दोन दिवसांत दाखवा. त्यासोबत दम लागत असेल तर मात्र थांबू नका.

तपासणी होईपर्यंत काय करू नये

दुखरी पोटरी चोळू नका आणि कोणाकडून चोळून घेऊ नका. मायेने तेल लावून रगडलेल्या पायातून तुकडा सुटण्याची भीती असते. गरम पिशवीने शेकणे, मशीनने मसाज करणे, पट्टी घट्ट आवळून बांधणे आणि स्वतःच्या मनाने दाबाचे मोजे चढवणे, हे सगळे टाळा. पायाची धमनी अरुंद असेल तर घट्ट मोजे थेट अपाय करतात. घरात कोणाच्या तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पडून असतील तर त्या घेऊ नका, आणि अॅस्पिरिन घेऊन वाट पाहू नका, कारण ती या गुठळीवरचा पुरेसा उपचार नाही. दुखणे फार असेल तर पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. वेदनाशामक घेतल्यावर दुखणे थांबले म्हणून डॉक्टरांकडे जाणे रद्द करणे ही चूक फार जणांकडून होते.

दवाखान्यात काय सांगावे आणि काय होते

लिहिलेला कागद सोबत न्या आणि पहिल्याच वाक्यात आपली भीती स्पष्ट सांगा: माझा एकच पाय अमुक दिवसापासून सुजला आहे आणि ही गुठळी असेल का, याची मला तपासणी हवी आहे. नुसते पाय दुखतो असे सांगितले तर गर्दीच्या वेळी वेदनाशामक मिळून परत पाठवले जाण्याची शक्यता असते. तपासणीत डॉक्टर लक्षणे आणि कारणे यांना गुण देऊन शक्यता किती आहे ते ठरवतात. शक्यता कमी असेल तर डी-डायमर ही रक्ततपासणी करतात. गुठळी विरघळताना तयार होणारा हा घटक रक्तात वाढलेला नसेल तर, शक्यता कमी असलेल्या रुग्णात, डीव्हीटी नाही असे मानता येते. परंतु हा आकडा वय, जंतुसंसर्ग, गरोदरपण, शस्त्रक्रिया यांमुळेही वाढतो. म्हणून तो वाढलेला आला म्हणजे गुठळी आहेच असे नाही.

खरा निर्णय डॉपलर सोनोग्राफीने होतो. तपासणारे डॉक्टर शिरेवर यंत्राचे टोक हलकेच दाबतात. मोकळी शीर दाबल्यावर मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. त्यात सुई नाही, किरण नाहीत, आणि ती गरोदरपणातही सुरक्षित आहे. तपासणी फक्त गुडघ्याच्या वरच्या शिरांची झाली असेल आणि संशय कायम असेल, तर साधारण आठवड्याने ती पुन्हा करतात, कारण पोटरीतील लहान गुठळी तेवढ्या काळात वर वाढू शकते. म्हणून तपासणी कोठपर्यंत झाली आणि पुन्हा यायचे आहे का, हे विचारूनच बाहेर पडा. सोनोग्राफीला वेळ लागणार असेल आणि संशय दाट असेल तर डॉक्टर आधीच रक्त पातळ करणारे औषध सुरू करतात; त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

गुठळी निघालीच तर

हेपॅरिन, वॉरफरिन, अपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे गुठळीला थेट विरघळवत नाहीत. ती तिची वाढ रोखतात, आणि मग शरीर तिला सावकाश विरघळवत राहते. उपचार किमान तीन महिने चालतात, आणि गुठळीचे कारण सापडले नाही तर पुष्कळदा त्याहून जास्त. सूज उतरली म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवणे धोक्याचे आहे. पूर्वी अशा रुग्णांना सक्तीने झोपवून ठेवत. आता औषध सुरू झाल्यावर, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, चालायला सांगतात.

या काळात रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावे लागते. लघवीत रक्त, डांबरासारखी काळी शौच, घोळणा फुटून नाकातून न थांबणारे रक्त, किंवा डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी असल्यास लगेच रुग्णालयात जा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून कोणतेही नवे औषध घेण्याआधी विचारा. उपचार पूर्ण झाल्यावरही काही जणांच्या पायात जडपणा, संध्याकाळची सूज आणि घोट्याजवळ काळपटपणा राहतो. तसेच एकदा गुठळी झालेल्या माणसाला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून पुढील प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी आणि गरोदरपणात हा इतिहास डॉक्टरांना आधीच सांगावा.

ज्यांना येत्या काळात शस्त्रक्रिया किंवा लांबचा प्रवास आहे, त्यांनी आजच दोन्ही पोटऱ्यांचा घेर वर सांगितलेल्या खुणेवर मोजून लिहून ठेवावा. पुढे कधी पाय सुजल्यासारखा वाटला तर दुसऱ्या पायाबरोबरच आपल्या स्वतःच्या जुन्या आकड्याशीही तुलना करता येते, आणि दीड-दोन सेंटिमीटरची वाढही मग नजरेतून सुटत नाही. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: गुठळी होऊ नये म्हणून मला इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या जाणार आहेत का, आणि घरी गेल्यावर त्या किती दिवस चालू ठेवायच्या आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्यावे, कारण घरी परतल्यावर विसरले जाते ते नेमके तेच.